शिकवणीच्या बाई टिकत नाहीत

"ताई, आम्ही कराडला लागून असलेल्या गावात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. पाचव्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, सांगितलं. बोलतो, पण आपलं आपलं. एसटीच्या पाट्या सगळ्या वाचतो, पुस्तक समोर ठेवलं की उठून पळतो. वर्षभरात शिकवणीच्या तीन बाई झाल्या. पहिल्या म्हणाल्या, याला बसायचीच सवय नाही. दुसऱ्यांनी पट्टी उगारली, मीच बंद केलं. तिसऱ्या तासाला चारशे घेतात, स्वतःला थेरपिस्ट म्हणवतात, दार लावून शिकवतात, मला आत येऊ देत नाहीत. त्यांच्याकडून आला की रात्री झोपत नाही. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवारी येतात. सासूबाई म्हणतात, तूच लाडानं बिघडवलास. चांगली शिकवणी कुठे मिळेल? आणि खरं सांगू ताई, मला बोलायलाच कुणी नाही."

तिसऱ्या बाईंची शिकवणी उद्यापासून बंद करा. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, हे तेवढं आधी. त्या वाईटच आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण जे मूल घरी येऊन "आज असं असं झालं" हे सांगू शकत नाही, त्याच्या शिकवणीचं दार बंद असता कामा नये. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. "आई समोर असली की त्याचं लक्ष लागत नाही" हे मलाही ऐकवलं गेलंय. नाही लागत, पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आई म्हणजे खोलीतलं कपाट. झोप उडालीय म्हणता, तर अंघोळ घालताना अंगावर काही खुणा दिसतात का, बाईंचं नाव काढल्यावर तो काय करतो, हे शांतपणे बघा. काही खटकलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि १०९८ वर फोन करा, ती मुलांसाठीचीच हेल्पलाइन आहे. काहीच नसलं तर उत्तम. शिकवणी तरीही बंद.

माझा मुलगा आता २५ वर्षांचा आहे. त्याच्या शाळेच्या काळात आमच्याकडे सात शिकवण्या झाल्या, त्यातल्या दोन टिकल्या. टिकलेल्या दोघींपैकी एकीकडे विशेष शिक्षणाची पदवी होती. दुसऱ्या आमच्याच गल्लीतल्या, बालवाडीतून निवृत्त झालेल्या बाई. ऑटिझम हा शब्द त्यांनी आमच्या घरात पहिल्यांदा ऐकला. पहिल्या दिवशी आल्या, जमिनीवर बसल्या आणि पाऊण तास नुसत्या बघत राहिल्या. तो डब्यांची झाकणं फिरवत होता. जाताना म्हणाल्या, "याला गोल आवडतं. उद्या घड्याळ घेऊन येते." घड्याळ तो त्या महिन्यात शिकला. त्याआधीच्या बाई त्याच झाकणांवरून रोज त्याच्याशी भांडायच्या.

तेव्हा शिकवणी कुठे मिळेल याच्या आधी मी तुम्हाला विचारते, तिनं शिकवायचं काय? तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. "तिसरीचा अभ्यास" हे उत्तर चालणार नाही, कारण तिसरीच्या अभ्यासातलं त्याला काय येतं आणि काय नाही हे तुम्हा कुणालाच नक्की माहीत नाही, असं मला पत्रावरून वाटतं. जो मुलगा एसटीच्या पाट्या वाचतो त्याला अक्षरं येतात. जोडाक्षरंही येतात, नाहीतर "चिपळूण व्हाया पाटण" कसं वाचलं असतं? आता पुढची पायरी बघायची. वाचलेल्याचा अर्थ लागतो का? काही मुलं घडाघडा वाचतात आणि अर्थ मात्र मागे राहिलेला असतो. कागदाच्या पाच पट्ट्यांवर पाच गावं लिहा, जमिनीवर मांडा आणि म्हणा, "आपल्याला कोयनानगरला जायचंय, गाडी दाखव." मग, "पाटणच्या आधी काय येतं?" मग, "ही गाडी साडेआठची, ती सव्वानवाची, मध्ये किती वेळ?" बघा, तिसरीचं गणित निघालं की नाही. तिकिटांवरून बेरीज-वजाबाकी, आगाराच्या वेळापत्रकावरून तक्ता वाचणं, रस्त्यावरून नकाशा, घाटावरून भूगोल. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, तिथली शेती वेगळी, पाऊस वेगळा, हा परिसर अभ्यासच आहे. अशा मुलांची आवड म्हणजे खूळ, ते मोडून काढल्याशिवाय अभ्यास होणार नाही, असं सांगणाऱ्या माणसाला उंबऱ्यातूनच परत पाठवा.

बसायचंही तसंच. नऊ वर्षांच्या मुलानं तासभर मांडी घालून बसावं ही अपेक्षा कुणाची? पाच मिनिटं काम, दोन मिनिटं उड्या, पुन्हा पाच मिनिटं. भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक लावा: आधी गणित, मग झोका, मग वाचन, मग खाऊ. झालेलं चित्र त्यानं स्वतः काढून डब्यात टाकायचं. पुढे काय येणार आणि हे कधी संपणार, हे डोळ्यांना दिसलं की पळापळ निम्म्यानं कमी होते. संपणार कधी हेच कळत नसेल तर तुम्ही-आम्हीही उठून जाऊ. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७० च्या दशकात या धर्तीवर एक अख्खी पद्धत उभी राहिली. डावीकडच्या टोपलीतून काम घ्यायचं, संपलं की उजवीकडच्या टोपलीत टाकायचं, डावी टोपली रिकामी झाली की सुटी. तिला टीच म्हणतात. आपल्या घरात ती भाजीच्या दोन टोपल्यांवर चालते.

भाषेचं एक राहिलं. कुणीतरी नक्की सांगेल की याच्याशी घरात एकच भाषा बोला, तीही इंग्रजी. आमच्याकडे हा सल्ला आला आणि वर्षभर माझी सासू नातवाशी मुकी झाली. दोन भाषांनी ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. मराठीतच शिकवा, फक्त आपली मराठी किती आडवळणी आहे याचं भान ठेवा. मी एकदा माझ्या मुलाला म्हटलं, "जरा वाट बघ." तो खिडकीशी जाऊन खरोखरच खालची वाट बघत उभा राहिला, वीस मिनिटं. शिकवणीच्या बाईंना हे आधी सांगून ठेवा. "पेन खाली ठेव" म्हणा, "पुरे झालं तुझं" नको. आणि तो "तुला पाणी पाहिजे" म्हणाला तर त्याला स्वतःलाच तहान लागलीय. आपण त्याला जसं विचारतो तसंच तो उचलतो. त्यावर हसू नये, "मला पाणी पाहिजे" एवढं शांतपणे म्हणून दाखवावं आणि पाणी द्यावं.

बोलणं अडतं तिथे चित्रांचा आधार घ्या. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप फुकट आहे आणि मराठीत चालतं, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. त्यानं मूल बोलायचं थांबतं ही भीती खोटी आहे.

आता माणूस. कराडमध्ये पदवीधर विशेष शिक्षक मिळाले तर जरूर बघा, पण पाटीवर विसंबू नका. आपल्याकडे "थेरपिस्ट" ही पाटी कुणीही लावतं. विशेष शिक्षणाची पदविका किंवा बीएड केलेल्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. दिल्लीची ही संस्था १९९२ च्या कायद्यानं चालते, लोक तिला आरसीआय म्हणतात. नोंदणी क्रमांक विचारा. खरी नोंदणी असलेला माणूस यात अपमान मानत नाही. मात्र नोंदणी आहे म्हणजे मुलाशी जमेलच असंही नाही, हे माझ्या सातांपैकी न टिकलेल्या दोघींनी मला शिकवलं. दोघीही नोंदणीकृत होत्या.

नाही मिळाले तर घडवा. हे ऐकायला अवघड वाटतं, पण लहान गावात हाच मार्ग जास्त चालतो. डीएड, मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकणारी मुलगी, निवृत्त अंगणवाडी सेविका, शेजारची बारावी झालेली शांत स्वभावाची कुणी. तिला महिन्यातून एकदा जाणकार विशेष शिक्षकाकडून व्हिडिओ कॉलवर दिशा घेऊन द्यायची. म्हणजे महागडं ज्ञान महिन्यातून एक तास, आणि प्रेमळ चिकाटी रोज. तासाला चारशे रोज मोजण्यापेक्षा हे परवडतंही.

तिला भेटाल तेव्हा डिग्रीच्या आधी एवढंच विचारा, "हा तुमचं ऐकेनासा झाला तर काय कराल?" उत्तर "सरळ करते" असं आलं तर चहा पाजून निरोप द्या. "का ऐकत नाही ते बघेन" असं आलं तर ठेवून घ्या, बाकीचं शिकता येतं. पहिले पंधरा दिवस पुस्तक उघडायचं नाही, नुसती ओळख. माझ्या डोळ्यांत बघ म्हणून हनुवटी धरायची नाही. कानावर हात ठेवला तर आवाज कमी करायचा, हात खाली ओढायचा नाही. त्याचा फोटो स्टेटसला लावायचा नाही. रोज वहीत दोन ओळी लिहायच्या: आज काय जमलं, कशानं बिनसलं. ही वही सोन्यासारखी सांभाळा, कारण बाई बदलल्या तरी वही राहते. आणि तिचं मानधन पहिल्या तारखेला, तो आजारी पडला तरी. माणसं टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच घरांत खाडे कापलेले असतात, हेही मी पाहिलंय.

शाळेतल्या बाईंना यातून सोडू नका. समग्र शिक्षा अभियानात तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याचं, काम बघणारे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांना विचारा, नाहीतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. तोंडी नको, अर्ज द्या, पोच घ्या. ते रोज येणार नाहीत, पण वर्गातल्या बाईंना काय करायचं ते दाखवू शकतात, आणि त्यांचा शब्द शाळेत तुमच्या शब्दापेक्षा वजनदार ठरतो. वाईट वाटतं, पण ठरतो. शाळेनं "याला दुसरीकडे घाला" म्हटलं तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आठवून द्या. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. पट्टीबद्दल तर वेगळं सांगायलाच नको. शाळेत मुलाला मारणं शिक्षणहक्क कायद्यानं बंद आहे, शिकवणीत ते तुम्ही बंद केलंत, शाबास.

तुम्ही दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा काढलेलं नाही. "कायमचा शिक्का बसेल" म्हणून आम्हीही चार वर्षं घालवली. शिक्का लोकांनी केव्हाच मारलेला असतो, आपण फक्त सवलती सोडतो. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा आणि साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला डॉक्टरांच्या मंडळापुढे जा. तिथे ४० प्रश्नांची एक भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रश्न तुम्हालाच विचारतील. तेव्हा "चांगला आहे हो तसा" म्हणू नका, त्याचा सगळ्यात कठीण दिवस डोळ्यांसमोर आणून उत्तरं द्या. कार्ड हातात आलं की राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विम्याची योजना बघा. वर्षाला काही शे रुपये भरून लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत त्यात बसतो. मिस्टरांच्या आयकरात जुन्या पद्धतीत दिव्यांग मुलासाठी ७५ हजारांची वजावट आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी वापरावा लागतो, तो कुठे जातो हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. पुढे दहावीला लेखनिक आणि दर तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, त्यालाही हाच कागद लागतो. आणि तुमच्या लेकाच्या दृष्टीनं सर्वांत मोठी गोष्ट, एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत.

जाता जाता एक धोका. तुम्ही शोधायला लागलात की फोनवर जाहिराती येतील: स्टेम सेलनं ऑटिझम बरा, अमुक आहारानं तीन महिन्यांत फरक. स्टेम सेलबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच स्पष्ट केलं की ऑटिझमवर उपचार म्हणून त्याची शिफारस नाही. लाखो रुपये जातात, शेतं विकली जातात. ऑटिझम हा ताप नाही, उतरत नाही. मूल शिकतं, बदलतं, मोठं होतं, त्याच्या मेंदूची घडण तीच राहते. मराठीत याला स्वमग्नता म्हणायची पद्धत आहे. मला हा शब्द फारसा पटत नाही, जणू मूल स्वतःवरच खूश होऊन बसलंय. माझा मुलगा माझ्या पावलांच्या आवाजावरून माझा मूड ओळखतो.

आता सासूबाई. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमचं वर्णन केलं. त्यानंतर वीसेक वर्षं तिकडच्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी ठरवून टाकलं होतं की आई थंड, कोरडी असते म्हणून मूल असं होतं. पुढे ते साफ खोटं ठरलं. तिकडे आईची माया कमी म्हणून, इकडे माया जास्त म्हणून. कारण बदललं, आरोपी तीच. सासूबाईंशी यावर वाद घालू नका, त्यांना काम द्या. रोज संध्याकाळी अर्धा तास शेंगा सोलायला, तांदूळ निवडायला नातवाला शेजारी बसवू दे. बोटांना काम, समोर ठरलेला ढीग, ढीग संपला की संपलं. शिकवणीच्या बाई हेच पैसे घेऊन करतात. महिनाभरानं तो शेजारी बसून राहायला लागला की सासूबाईच शेजारणीला सांगतील, "माझं ऐकतो तो." सांगू दे.

मिस्टरांना रविवार द्या. पूर्ण, मदतनीस म्हणून नव्हे. मुलगा आणि बाप, कराड स्थानक, पाट्यांची वही. तुम्ही घरात झोपा. पहिल्या रविवारी दहा फोन येतील, एकच उचला.

बोलायला कुणी नाही, हे वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंत, लाजत लिहिल्यासारखं. माझ्या मते पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. मुंबईत पालकांनी उभा केलेला फोरम फॉर ऑटिझम आहे, उम्मीद बालविकास केंद्र आहे, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे. दिल्लीत ॲक्शन फॉर ऑटिझम ही एका आईनंच सुरू केलेली संस्था आहे. तिथे आई आणि मूल मिळून तीन महिने शिकायचा वर्गही चालतो. फोन करा, पालकांसाठी ऑनलाइन काय आहे ते विचारा. पण रात्री साडेअकराला, तो झोपत नसताना, तुम्हाला दिल्ली-मुंबई उपयोगी पडणार नाही. त्या वेळी लागते पाच किलोमीटरवरची, तुमच्यासारखीच जागी असलेली आई.

ती मिळते बोलणं शिकवणाऱ्या स्पीच थेरपीच्या किंवा रोजची कामं शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटीच्या) केंद्राबाहेरच्या बाकावर. तुम्ही त्या बाकावर वर्षानुवर्षं मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या असणार, मीही तशीच बसायचे. एक दिवस शेजारच्या बाईला मी विचारलं, "तुमचा केस कापू देतो का हो?" ती जी हसली, मग रडली, मग आम्ही दोघी डबा खाल्ला. तो न्हावी आम्ही दोघींनी मिळून शोधला, दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकान उघडून देणारा. पुढे आम्ही पाच जणी झालो. आमच्यात ना अध्यक्ष, ना वर्गणी. शनिवारी दुपारी एकीच्या घरी सगळी मुलं, दोघी त्यांच्याजवळ, तिघी मोकळ्या. त्या तीन तासांत कुणी बँकेत जायची, कुणी नुसती फिरून यायची. दंतवैद्य कुठला, कुठल्या शाळेचे मुख्याध्यापक ऐकून घेतात, कुठल्या बाई चांगल्या, हे सगळं तिथे कळायचं. आमची ती बालवाडीची बाईसुद्धा मला तिथूनच कळली, गल्लीतलीच असून.

झोप, भूक गेली असेल, सारखं रडू येत असेल, नको ते विचार येत असतील तर मैत्रीण पुरणार नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात.

पंधरा दिवसांनी मला पुन्हा लिहा. बाकाचं काय झालं, सिव्हिलची तारीख कधीची मिळाली. आणि लेकाला माझं एक काम सांगा. कराड-चिपळूण गाडी पाटण आणि कोयनानगरला थांबते एवढं मला ठाऊक आहे, मधले थांबे आठवत नाहीत. त्यानं त्याच्या अक्षरात लिहून दिले तर पत्रासोबत पाठवा.